पांढरं भंगार

खाण बंद पडून जमाना झाला, पण तिच्या पोटातलं पाणी काही बंद पडलं नव्हतं. डोंगराच्या बगलेतून ते निळंहिरवं ओघळत राहायचं आणि त्या ओघळावर उतारावरची दोन घरं जगायची. वरचं धाकटीचं, खालचं थोरलीचं. दोघी सख्ख्या जावा. नवरे गेले, वाटणी झाली, हौद वाटून घेतले, भांडी वाटून घेतली. थोरलीचं तोंड तेवढं वाटणीत आलं नाही. ते दोघींना पुरून उरलं.

यंदा उन्हाळ्यानं असा काही आ वासला की ओघळ करंगळीएवढा झाला. पाणी आटलं तसं ते कडक झालं. गर्द निळं दिसायचं, आणि वास असा की तोंडात कुणीतरी जुनं नाणं कोंबून ठेवलंय. थोरली सकाळी उठली की आधी थुंकायची आणि मग बोलायची. तिचं बोलणं ऐकून काही लोकांना दोन्हीतला फरक कळायचा नाही.

काम म्हटलं तर सोपं होतं. हौदात ते पाणी घ्यायचं आणि गंजकं लोखंड टाकायचं: डबे, खिळे, तुटके पत्रे, कारखान्यातला कीस. पाणी लोखंड खायचं आणि त्याच्या जागी तांबं ओकायचं. थोरली हे असंच सांगायची, जेवताना सांगायची. लोखंडावर तांब्याची लाल साय धरली की खालच्या लोखंडाला पाणी शिवत नसे. म्हणून दिवसभर हौदात उभं राहून भंगार उलटंपालटं करायचं, आपटायचं, साय झडवायची. तळाशी लाल गाळ बसायचा. तो उपसायचा, धुवायचा, वाळत घालायचा, आणि गोदामवाल्याच्या टेंपोत चढवायचा. भंगार ओढायचं दाताळं लाकडाचं, त्याच्या खुंट्याही लाकडाच्या. लोखंडी खिळा मारला तर दाताळ्याचे दात आधी पडायचे आणि मग माणसाचे, असं थोरलीचा नवरा म्हणायचा. त्याचे खरंच पडले होते.

पाण्याची परीक्षा सुरीनं व्हायची. थोरलीची एक जुनी सुरी होती, घासून घासून पातं पानासारखं झालेलं. ती पाण्यात धरायची. पातं लाल होऊन आलं तर पाण्यात अजून तांबं आहे, काम बाकी आहे. कोरं आलं तर पाणी पिळून झालं, सोडून द्या.

इतकी वर्षं हौदात काढून थोरलीनं धातूंची घराणी लावली होती. तिच्या बोटातली चांदीची अंगठी त्या पाण्यात रोज बुडायची आणि काळवंडून पुन्हा तशीच निघायची, चांदी खानदानी. तांबं खाऊनपिऊन सुखी, सहजी जागचं उठणार नाही. शिसं म्हणजे आळशी गोळा. लोखंड बिचारं राबणारं, मरमर मरणारं. आणि पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा असतो तो तर अगदीच उठवळ. पाणी दिसलं की निघाला. ॲल्युमिनियमला ती चांदीच्या शेजारी बसवायची. एकदा पातेल्याचं झाकण हौदात पडलं होतं, हंगामभर तळाशी राहिलं, आणि निघालं तेव्हा तोंड दिसेल इतकं लख्ख. पाणी ज्याला विचारत नाही ते उंची, हा तिचा हिशेब. माणसांनाही ती हाच लावायची. चटकन रडणारी, चटकन फुटणारी, चटकन सडणारी माणसं तिला किळसवाणी वाटायची.

आणि सून सडत होती.

सुनेचे पाय त्या कडक पाण्यानं खाल्ले होते. बोटांच्या बेचक्यांत कातडी भिजल्या कागदासारखी पांढरी होऊन सोलायची. टाचांना भेगा, भेगांत हिरवट रेघा. त्यांना वास यायचा, ओलं चामडं बंद खोलीत ठेवल्यासारखा. थोरलीच्या पायांची कातडी कधीच मरून खूर झाली होती, तिला ही थेरं माहीत नव्हती. ती सुनेला जेवताना उंबऱ्याबाहेर बसवायची. मुलगा खाली मान घालून जेवायचा. तो दिवसभर हातगाडी घेऊन भंगार गोळा करत फिरायचा आणि घरी आला की भंगारासारखाच पडून राहायचा.

अशात गोदामवाला आला. टेंपोतून उतरतानाच त्यानं नाकाला रुमाल लावला. दोन्ही घरचा गाळ त्यानं बोटांनी चोळून पाहिला, बोटं टेंपोच्या चाकाला पुसली आणि म्हणाला की गाळात अर्धं लोखंडच आहे, असला माल तो नेणार नाही. ओघळात पाणी उरलंय एका घरापुरतं. दोघी मिळून त्याची नासाडी करताहेत. दोघींनी एकेक हौद काठोकाठ भरून घ्यावा, ओघळ मग बंद. पुढच्या बाजाराला तो येऊन सुरी बुडवेल. ज्या हौदातून पातं कोरं निघेल, ओघळ त्या घराचा, आणि यापुढे माल तो त्याच घरचा उचलणार.

"आणि दुसरं घर?" थोरलीनं विचारलं.

"त्यांना काम मिळेल ना, मावशी. भंगार उलटायला माणसं लागतातच."

म्हणजे हरलं तर धाकटीच्या हौदात, धाकटीच्या हाताखाली. थोरलीला हसूच आलं. ती म्हणाली, सुरी माझीच वापरा, दुसऱ्या कुणाच्या घरात धार नाही.

धाकटीचा जावई दुसऱ्या दिवशी टेंपोभर भंगार घेऊन आला. लोखंड त्याला कुठं मिळालं नव्हतं. सगळं थोरलीच्या मुलानं आधीच उचललं होतं. त्यानं आणलं ते पांढरं भंगार, ॲल्युमिनियमचं: खिडक्यांच्या पट्ट्या, तारांची भेंडोळी, चेपलेली पातेली, पातळ पत्रे. धाकटीनं ते तसंच हौदात लोटलं. पाणी निळं ते निळं, भंगार पांढरं ते पांढरं. दिवस उलटला तरी दोघांची ओळख झाली नाही.

थोरली मुद्दाम वर चढून बघून आली. काठावर उभी राहून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हौद छान दिसतोय, चार मासे सोडा. खाली येताना म्हणाली, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घरचं झालं थोडं अन् जावयानं आणलं घोडं." तिच्या हौदात लोखंडावर लाली चढायला लागली होती. निळं पाणी हळूहळू हिरवट होत होतं. जसं व्हायला हवं तसंच.

फक्त हौदात उभं राहायला माणूस हवं होतं. सून उभी राहायची, पण मधूनमधून एक पाय वर उचलून बगळ्यासारखी. थोरलीला ते बघवायचं नाही, आणि दया म्हणून नाही. संध्याकाळी सून बादलीत गरम पाणी घेई, मूठभर मीठ टाकी आणि पाय बुडवून बसे. मीठ झोंबलं की तोंडातून वाफ निघाल्यासारखा आवाज काढी. थोरलीनं एक दिवस ती बादली उचलून बाहेर ठेवली.

"चूल माझी, मीठ माझं, आणि त्यात हे शिजवायचं?" ती म्हणाली. "उद्या तीच बादली पाणी भरायला घ्यायची आहे मला. तुझ्या पायांचा रस्सा नको."

सुनेनं बादली उचलली आणि ती वर धाकटीकडे गेली. धाकटीनं तिला चुलीवरचं पाणी दिलं, मीठ दिलं, हौदाच्या काठावर बसायला जागा दिली. तिला सुनेच्या पायांचं काही पडलं नव्हतं. तिनंही नाकाला पदर लावलाच. पण खालून थोरलीला दिसेल अशा जागी थोरलीची सून बसलेली असणं, ही चीज मूठभर मिठात स्वस्त होती.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी थोरली नुकती जेवायला बसली होती. सून लंगडत, धापा टाकत उतारावरून आली. पायांवर चिंधीही गुंडाळली नव्हती, ओले पाय तसेच मातीत भरलेले. ती उंबऱ्यावर चढली.

"आत्याबाई, एक सांगायचंय. मिठाच्या पाण्यानं ना, तिकडं हौदात…"

"पाय आधी बाहेर."

"ऐका तरी. ते पांढरं भंगार…"

"जेवते आहे मी. घास फिरतोय तोंडात. मिठाचं नाव काढायचं नाही आणि ते सडकं घेऊन चुलीपाशी यायचं नाही. जे काय आहे ते तिकडंच सांग, जिथं बसायला जातेस."

मुलानं मान वर केली, आईकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. मग उंबऱ्यावर फक्त पायांचे ओले ठसे राहिले. थोरलीनं ते राख टाकून पुसून काढले आणि हात धुऊन पुन्हा जेवायला बसली. पण खाल्ले दोनच घास. तिनं ताट सरकवलं आणि त्याचाही दोष पायांवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सून हौदात उतरली नाही. टाचेतून रक्त येत होतं, उभं राहता येईना. थोरलीनं लुगडं खोचलं, दाताळं घेतलं आणि स्वतः उतरली. पाणी पोटऱ्यांना लागलं तसं तिला आठवलं की आपण किती वर्षांत खाली उतरलो नाही. काठावरून बोट दाखवण्यातच हौदाची सवय राहिली होती. भंगार ओढताना खांद्यातून कळ निघायची. लोखंडावर साय जाड बसली होती, आपटली तरी निघेना. मुलगा जे नवं भंगार आणायचा ते तेलाचे डबे, रंगाचे डबे. तेलकट, रोगण चढलेलं. पाणी त्याला शिवायलाच तयार नव्हतं. ते दगडानं खरवडायचं, मग टाकायचं. तिची नखं हिरवी झाली. संध्याकाळी हाताला येणारा वास जेवणाला यायचा, उशीला यायचा. मुलगा एकदा म्हणाला, आई, मी उतरतो. तिनं त्याला गाडी घेऊन पिटाळलं. भंगार कोण आणणार मग?

वरून आवाज यायला लागला तो त्याच दिवसांत. आधी तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मग भात उतू गेल्यासारखा. थोरलीनं मान वर करून पाहिलं तर धाकटीच्या हौदातून वाफ निघत होती. राखाडी फेस काठावरून ओघळत होता. जावई चार पावलं मागे उभा होता आणि धाकटी त्याच्याही मागे. काठावर फक्त सून बसली होती, शेजारी बादली.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," थोरली म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाली. हौद फुटेल, तडकेल, जावयाच्या अंगावर येईल, अशी तिला मनापासून आशा होती. वास इथवर येत होता, गरम, आंबूस. ती थुंकली आणि दाताळं ओढायला लागली.

बाजाराच्या दिवशी गोदामवाला आला. रुमाल, टेंपो, सगळं तेच. थोरलीनं सुरी राखेनं घासून लख्ख करून ठेवली होती. तिच्या हौदातलं पाणी हिरवं झालं होतं, तळाशी गाळ चांगला दिसत होता. त्यानं पातं पाण्यात धरलं. पातं बाहेर काढलं तेव्हा ते जिभेसारखं लाल होतं.

"बाकी आहे," तो म्हणाला. "बरंच बाकी आहे, मावशी."

थोरली म्हणाली की आधी वरचं बघा आणि मग तोंड वाजवा. तिनं सुरी त्याच्या हातून घेतली, आपल्या हातानं घासली, आणि सगळ्यांच्या पुढे चालत वर गेली.

धाकटीच्या हौदात निळं नावाला उरलं नव्हतं. पाणी भांडी धुतल्यासारखं मळकट, त्यावर फेसाचे वाळके पापुद्रे. खिडक्यांच्या पट्ट्यांची जाळी झाली होती. पातेल्याला बोट लावलं तर भोक पडलं. आणि तळाशी मऊ, फुगलेला, वीटकरी गाळ, हातभर. गोदामवाला वाकला, पातं धरलं, बाहेर काढलं. कोरं. त्यानं ते सदऱ्याला पुसलं, पुन्हा धरलं, जास्त वेळ. कोरं.

थोरलीनं त्याच्या हातातून सुरी हिसकावली आणि कोपरापर्यंत हात घालून तळाशी धरली. पाणी अजून कोमट होतं. आजाऱ्याच्या अंगासारखं कोमट. पातं आलं ते जसं गेलं होतं तसंच.

"हे कसं होईल?" ती म्हणाली. "पांढऱ्याला पाणी विचारत नाही. हंगामभर झाकण पडलं होतं माझ्या हौदात."

"त्याला वर साल असते ना," गोदामवाला म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाही इतकी पातळ. साल आहे तोवर गप्प बसतं, चांदीच्या ऐटीत. ती एकदा फाटली की लोखंड काय आणि जस्त काय, त्याच्या भुकेपुढे सगळी पोटभर जेवलेली म्हणायची. पण ती फाडली कशानं?"

धाकटीनं जावयाकडे पाहिलं. जावयानं हौदाकडे पाहिलं. दोघांनाही ठाऊक नव्हतं, किंवा जे ठाऊक होतं ते आपलं म्हणावं का याचा विचार चालला होता.

"मिठानं," सून म्हणाली. ती काठावर बसली होती, पाय चिंध्यांत गुंडाळलेले. "पायांच्या पाण्यानं."

थोरली तिच्याकडे वळली. "तू ओतलंस? परक्याच्या हौदात?"

"पहिल्यांदा सांडलं, आत्याबाई. उठताना बादली कलंडली. पाणी जिथं गेलं तिथं भंगार फसफसायला लागलं. तेच सांगायला पळत आले होते, आपणही पांढरं आणू म्हणून. तुम्ही जेवत होतात." तिनं चिंधीची गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली. "सांडलं एकदाच. मग रोज ओतलं."

सगळे थोरलीच्या तोंडाकडे बघत होते. त्या तोंडातून काय येतं हे ऐकायला माणसं लांबून थांबायची. तिनं ते उघडलं, पण आत नाण्याच्या चवीशिवाय काही सापडलं नाही. ती थुंकली. थुंकी धाकटीच्या हौदात पडली आणि कुणी काही म्हटलं नाही, कारण आता ते पाणी टाकूनच द्यायचं होतं.

धाकटी हसली नाही. तेवढी ती हुशार होती. तिनं फक्त सांगितलं की उद्यापासून उजाडताच यावं, हौद धुवायचे आहेत, आणि दाताळं आपापलं आणावं.

सुंभ जळतो, पीळ राहतो. थोरली उजाडायच्या आधीच गेली, म्हणजे कुणी हाक मारली असं होऊ नये. तिला गाळ उपसायला लावलं. तो लोखंडाच्या गाळासारखा जड नव्हता. फुसका, बुळबुळीत, बोटांतून निसटणारा, कातडीला चिकटला की निघेना. त्यात पट्ट्यांचे धारदार तुकडे असायचे. भेग नसलेल्या तिच्या खुरांना त्यांनी भेगा पाडल्या, आणि मग मिठाचं पाणी त्या भेगांत शिरलं. जावई काठावरून बोट दाखवायचा. सून कोरड्या जागी बसायची, मिठाची पिशवी तिच्या मांडीवर. किती टाकायचं, कधी टाकायचं, कधी थांबायचं हे तिला हळूहळू नेमकं कळायला लागलं होतं. ती थोरलीला काही बोलायची नाही. फक्त मीठ टाकायच्या आधी सगळ्यांना म्हणायची तसं तिलाही म्हणायची, बाजूला व्हा.

आठवड्याभरात थोरलीच्या पायांची मेलेली कातडी सुटली. खालून लहान मुलासारखी गुलाबी निघाली आणि तीही पांढरी पडून सोलायला लागली. रात्री पांघरुणातून वास आला तेव्हा तिला आधी वाटलं, सून जवळपास आहे. मग तिनं पाय नाकाकडे ओढायचा प्रयत्न केला, आणि पोहोचायच्या आधीच तिला कळलं.

पुढच्या संध्याकाळी ती उतारावरून खाली आली तेव्हा चूल पेटलेली होती. सून आत होती, पायांत कोरड्या चपला. मुलगा जेवायला बसला होता. थोरलीनं उंबऱ्यावर पाय ठेवला.

"बाहेर बसा, आत्याबाई," सून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "जेवताहेत ते."

मुलानं मान वर केली, बायकोकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली.

अंगणात बादली ठेवली होती. तीच, पत्र्याची, मुलामा कधीच उडालेला, कडेनं तांबूस गंज चढलेला. पाण्यातून वाफ निघत होती. म्हणजे ती यायच्या वेळेचा अंदाज घेऊनच ठेवली होती. थोरली तिच्याकडे बघत उभी राहिली. लाथ मारून उडवावी असं तिच्या पायांत होतं, पण लाथ मारायला पाय टेकावा लागतो आणि टेकवत नव्हता. ती भिंतीला धरून बसली. एक पाय घातला, मग दुसरा. मीठ झोंबलं आणि तिच्या तोंडातून वाफ निघाल्यासारखा आवाज आला.

आत ताटात वाढल्याचा आवाज थांबला. तिला वाटलं, दोघं ऐकताहेत. तिनं ओठ मिटले, दात आवळले, आणि नाक दुसरीकडे फिरवून बसून राहिली.